स्वतःच्या दाव्याची उलटतपासणी

संगणकशास्त्रात पीएच.डी.साठी नाव नोंदवणारा विद्यार्थी तोपर्यंतच्या शिक्षणात एका गोष्टीत तरबेज झालेला असतो. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याला देता येते. प्रश्नपत्रिका दुसऱ्याने काढलेली असते, उत्तर कुणाला तरी आधीच ठाऊक असते आणि वेळ ठरलेला असतो. गेट, नेट, पेट या परीक्षांतही हेच कौशल्य तपासले जाते. संशोधनात मात्र प्रश्न स्वतःच घडवावा लागतो, त्याला उत्तर आहे की नाही याची हमी नसते आणि हाती आलेले उत्तर तपासणारा पहिला परीक्षकही स्वतःच व्हावे लागते. हा पालट आपोआप होत नाही, तो शिकावा लागतो. वाचन, प्रश्नाची निवड, प्रयोग आणि लेखन ही या शिक्षणाची चार अंगे आहेत. चारही ठिकाणी शिकायची गोष्ट मुळात एकच आहे : आपल्या दाव्याची उलटतपासणी दुसऱ्या कुणी घेण्याआधी ती आपणच घ्यायची.

सुरुवात वाचनापासून होते. नवा विद्यार्थी शोधनिबंध पाठ्यपुस्तकासारखा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जातो आणि तिसऱ्या पानावर अडकतो. श्रीनिवासन केशव यांनी २००७ मध्ये लिहिलेल्या एका छोट्या लेखात यावर तीन फेऱ्यांची पद्धत सुचवली आहे. पहिल्या फेरीत पाच-दहा मिनिटांत शीर्षक, सारांश, प्रस्तावना, उपशीर्षके आणि निष्कर्ष एवढेच पाहायचे आणि लेख पुढे वाचायचा की नाही हे ठरवायचे. दुसऱ्या फेरीला सुमारे तासभर द्यायचा. आकृत्या आणि आलेख नीट पाहायचे, पण सिद्धतांच्या तपशिलात शिरायचे नाही. तिसऱ्या फेरीत तोच लेख मनात नव्याने रचायचा : लेखकाची गृहीतके घेऊन आपण काम केले असते तर काय केले असते, आणि लेखकाने काय केले? या दोहोंतील फरकात लेखाचे खरे नावीन्य दिसते आणि त्यातील कच्चे दुवेही उघडे पडतात. नवख्याला या फेरीसाठी चार-पाच तास लागतात. त्यामुळे ती मोजक्याच लेखांच्या वाट्याला येते, आणि ते योग्यच आहे.

भारतीय शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष मांडण्याची जी शिस्त होती, तिची इथे खरी गरज असते. प्रतिपक्षाचे म्हणणे त्यालाही मान्य होईल इतक्या चोखपणे मांडल्याशिवाय खंडनाचा अधिकार मिळत नाही. प्रबंधातील ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ हे प्रकरण पुष्कळदा वीस लेखांच्या वीस परिच्छेदांत उरकले जाते. त्याऐवजी प्रत्येक लेखाविषयी चार गोष्टी टिपून ठेवाव्यात : त्याचा प्रश्न कोणता, त्याने काय गृहीत धरले, तुलना कशाशी केली आणि काय तपासायचे राहिले. चौथ्या रकान्यातील नोंदी वाढू लागल्या की विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रश्न हळूहळू आकार घेतो.

संगणकशास्त्रातील वाचन कागदावर संपत नाही. निवडलेल्या एखाद्या लेखातील प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालवून तेच आकडे येतात का, हे पाहणे हेही वाचनच आहे. क्रिस्टियन कोलबर्ग आणि टॉड प्रोब्स्टिंग यांनी ६०१ शोधनिबंध तपासले. त्यांपैकी ४०२ निबंधांचे निष्कर्ष प्रोग्रामवर आधारलेले होते. त्यांतील जेमतेम एक तृतीयांश निबंधांचा प्रोग्राम मिळवून तो अर्ध्या तासात उभा करता आला. निष्कर्ष पुन्हा मिळतात का, हा प्रश्न तर त्यापुढचा होता. पहिल्या वर्षी एका तरी लेखाचे निष्कर्ष स्वतः काढून पाहणारा विद्यार्थी त्या लेखात न लिहिलेल्या अनेक गोष्टी शिकतो.

दुसरे अंग प्रश्नाच्या निवडीचे. चांगला प्रश्न एखाद्या प्रतिभावंताला अचानक सुचतो, असा समज आहे. आयआयटी कानपूरमधील मूळसंख्यांच्या कसोटीचा इतिहास वेगळेच सांगतो. एखादी प्रचंड संख्या मूळ आहे की नाही, हे तिच्या अंकसंख्येच्या मानाने वाजवी वेळात, नशिबावर काहीही न सोडता ठरवता येईल का, हा जुना प्रश्न होता. मणींद्र अग्रवाल आणि सोमनाथ विश्वास यांनी १९९९ मध्ये बहुपदींच्या एका नित्यसमीकरणावर आधारलेली कसोटी मांडली. ती यादृच्छिक निवडीवर अवलंबून होती. ते अवलंबित्व काढता येईल का, यावर २००१ मध्ये दोन बी.टेक. विद्यार्थ्यांनी प्रकल्प केला आणि एक अटकळ मांडली. पुढच्या वर्षी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या विद्यार्थ्यांनी तेच काम हाती घेतले. बी.टेक. संपवून दोघे पीएच.डी.कडे वळले आणि ऑगस्ट २००२ मध्ये अग्रवाल यांच्यासह त्यांनी पूर्ण उत्तर जाहीर केले. २००६ चे गोडेल पारितोषिक या कामाला मिळाले.

या घटनाक्रमातील एक तपशील नव्या संशोधकाने जवळून पाहावा. ती आधीची अटकळ एक हजार कोटींपर्यंतच्या संख्यांवर आणि तिच्यातील दुसऱ्या चलाच्या शंभरपर्यंतच्या किमतींवर तपासली गेली होती आणि एकदाही चुकली नव्हती. ती खरी ठरली असती तर कसोटी कितीतरी वेगवान झाली असती. तरीही मुख्य निष्कर्ष तिच्यावर उभारला गेला नाही. जे सिद्ध झाले तेवढ्यावरच तो उभा राहिला आणि अटकळ अटकळ म्हणूनच वेगळी नोंदवली गेली. पुढे हेन्ड्रिक लेन्स्ट्रा आणि कार्ल पोमरन्स यांनी ती बहुधा खोटी असावी असा युक्तिवाद मांडला. एक हजार कोटींपर्यंतचे पडताळे पाठीशी असतानाही ‘हे आम्ही सिद्ध केलेले नाही’ असे लिहिणे, याला संशोधनाची शिस्त म्हणतात. प्रश्न हातोहात पुढे जातो आणि प्रत्येक हाताने त्यात थोडी भर घालायची असते, हेही याच घटनाक्रमातून कळते.

तिसरे अंग प्रयोगाचे, आणि फसगत सर्वांत सहज होते ती इथे. संगणक दिलेले काम तंतोतंत करतो, म्हणून त्यावर मोजलेला आकडाही निर्मळ असणार असे वाटते. टॉड मितकोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हा समज मोडीत काढला. युनिक्स प्रणालीत प्रोग्राम सुरू होताना वापरकर्त्याचे नाव, चालू फोल्डरचा पत्ता असा काही मजकूर त्याच्या स्मृतीत ठेवला जातो. या मजकुराची लांबी बदलली की प्रोग्रामचा डेटा स्मृतीत थोडा पुढे-मागे सरकतो. तेवढ्यानेही वेग इतका बदलतो की कंपायलरची एखादी सुधारणा एका मांडणीत लाभदायक आणि दुसऱ्या मांडणीत नुकसानकारक दिसते. म्हणजे लांब नावाने लॉगिन करणाऱ्याचा आणि छोट्या नावाने लॉगिन करणाऱ्याचा निष्कर्ष वेगळा येऊ शकतो, आणि दोघांनीही नजरेत भरेल अशी कोणतीही चूक केलेली नसते. यावर उपाय म्हणजे मांडणी मुद्दाम बदलत मोजमाप पुन्हा पुन्हा घेणे आणि एका आकड्याऐवजी आकड्यांचा विस्तार नोंदवणे.

यंत्रशिक्षणात फसगतीचे रूप वेगळे असते. सयाश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात १७ विद्याशाखांतील २९४ शोधनिबंधांना चाचणीच्या माहितीच्या गळतीची बाधा झाल्याचे दाखवले. गळती कशी होते हे मराठीच्या उदाहरणातून स्पष्ट होईल. मराठी बातम्यांचे राजकारण, क्रीडा, अर्थ असे वर्गीकरण करणारे प्रारूप घडवायचे आहे. बातम्या पाच संकेतस्थळांवरून गोळा केल्या, यादृच्छिकपणे ऐंशी टक्के शिकवण्यासाठी आणि वीस टक्के चाचणीसाठी ठेवल्या. पण वृत्तसंस्थेची एकच बातमी शब्दांच्या किरकोळ फरकाने तीन संकेतस्थळांवर छापून आलेली असते. तिची एक प्रत शिकवणीत आणि दुसरी चाचणीत पडते. प्रारूप पाहिलेलेच उत्तर पुन्हा सांगते आणि अचूकता नव्वदीपार दिसते. इथे विद्यार्थ्याने स्वतःला विचारायचे : हा आकडा खोटा असेल, तर तो कोणत्या वाटेने खोटा ठरेल? मग एकसारख्या बातम्या काढून टाकायच्या, चाचणीसाठी नंतरच्या काळातील बातम्या घ्यायच्या आणि केवळ ठळक शब्द मोजणारी साधी पद्धत किती गुण मिळवते तेही पाहायचे. अपेक्षेपेक्षा चांगला आलेला आकडा तपासायला अधिक वेळ द्यावा, हा नियम प्रयोगशाळेतल्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवा.

चौथे अंग लेखनाचे. काम संपले की लिहायला बसायचे, ही रूढी सायमन पेटन जोन्स यांनी उलटवली आहे. कल्पना सुचली की आधी लेख लिहायला घ्यावा आणि संशोधन त्याच्या आधाराने करावे, असे ते सांगतात. लिहिताना आपल्याला काय कळलेले नाही ते समोर येते. प्रस्तावनेतील प्रत्येक दाव्यासमोर त्याचा पुरावा कोणत्या विभागात आहे हे लिहून पाहावे. पुरावा सापडत नसेल तर दावा कमी करावा किंवा प्रयोग वाढवावा. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी लेखनाचा धाक वाटतो. ती अडचण खरी आहे, पण अर्धीमुर्धी वाक्ये अनेकदा अर्धवट विचारातून येतात. तोच मुद्दा सहकाऱ्याला मराठीत दोन मिनिटांत सांगून पाहावा. मराठीतही तो नीट सांगता येत नसेल, तर आधी विचार दुरुस्त करायला हवा.

लेख परिषदेकडे गेला की परीक्षण सुरू होते. संगणकशास्त्रात नियतकालिकांइतकेच, अनेक उपशाखांत त्याहून अधिक, वजन परिषदांना आहे. यंत्रशिक्षणाच्या ‘न्यूरिप्स’ या परिषदेने २०१४ मध्ये १६६ लेख दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवले. सुमारे २६ टक्के लेखांबाबत दोन समित्यांचे निर्णय जुळले नाहीत. म्हणजे नकारात योगायोगाचाही वाटा असतो. तरीही परीक्षकाचा गैरसमज झाला असेल तर तो लेखातील कोणत्या वाक्यामुळे झाला, हे शोधणे फायद्याचे ठरते. निर्णय विद्यार्थ्याच्या हातात नसतो. आक्षेपांचे काय करायचे, हे मात्र त्याच्याच हातात असते.

ही कौशल्ये एकट्याने अंगी बाणत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि नेहमीच्या मर्यादेत सहा वर्षे आहेत. किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम असतो, त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा विषय येतो, आणि प्रत्येक सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, ही पूर्वीची सक्ती या नियमांनी काढली. विद्यापीठांनी ती आपापल्या पातळीवर पुन्हा आणू नये. पहिल्याच वर्षी छापील लेखाची घाई झाली की मोजमाप पुन्हा घेण्याचे आणि दावा मागे घेण्याचे धैर्य मरते.

मार्गदर्शकाची जबाबदारी इथे मोठी आहे. आपल्याकडे सरांना किंवा मॅडमना प्रतिप्रश्न करणे हा उद्धटपणा मानला जातो. ही भीती घालवायची तर मार्गदर्शकानेच ‘हे मला माहीत नाही, पाहू या’ असे विद्यार्थ्यांसमोर म्हणायला हवे आणि स्वतःच्या कच्च्या मसुद्यावर त्यांच्याकडून टीका मागायला हवी. विद्यार्थ्यानेही दर आठवड्याच्या भेटीला चार ओळी लिहून न्याव्यात : काय करून पाहिले, काय दिसले, त्याचा अर्थ काय लावला आणि तो अर्थ चुकीचा असेल तर ते कशावरून कळेल. चौथी ओळ लिहिणे सर्वांत अवघड जाते आणि सुरुवातीला ती बहुतेक वेळा कोरीच राहते.

पहिल्या दोन वर्षांचे मूल्यमापनही त्याच ओळीवरून व्हावे. विद्यार्थ्याला विरोधी मत न्यायाने मांडता येते का, दुसऱ्याचा निष्कर्ष स्वतः काढून पाहता येतो का, आणि आपलाच एखादा आवडता निष्कर्ष आपल्याच चाचणीने खोटा ठरल्यावर तो सोडता येतो का? या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर प्रकाशित लेखांच्या रकान्यात शून्य असले तरी संशोधक घडू लागला आहे असे समजावे.