रुपयाला रुपया

वीस वर्षं दुसऱ्यांची नाणी मोजूनही माणूस श्रीमंत होत नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. फक्त बोटं काळी होतात आणि कान तयार होतो. गवयाचा कान सुरात मुरतो, तसा कॅशियरचा चिल्लरीत. महाड-पोलादपूरकडे दुकानदारांचे गल्ले, देवळांच्या दानपेट्या आणि आज्यांचे डबे, सगळं शेवटी आमच्याच काउंटरवर रितं होतं. त्यात क्वचित एखादा चांदीचा रुपया असतो. शेजारच्या रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला, तेव्हाचा होन सोन्याचा आणि शिवराई तांब्याची. आमच्याकडे चांदी येते ती मात्र इंग्रज राजाच्या मुखवट्यासकट!

हा रुपया ओळखायचं शास्त्र सोपं आहे. आधी साल पाहा. १९३९ पर्यंतचा रुपया बारा भागांत अकरा भाग चांदीचा, वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. महायुद्धात चांदीची ओढाताण झाली, तेव्हा १९४० पासून ती निम्म्यावर आणली. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. लोहचुंबक जवळ नेलात की निकेलचा रुपया धावत येऊन चिकटतो, चांदीचा जागचा हलत नाही. आणि शेवटची परीक्षा आवाजाची. चांदी खणखणीत वाजते. म्हणून तर भल्या माणसाला आपण 'बंदा रुपया' म्हणतो. 'निकेलचा रुपया' म्हणून कुणाचं कौतुक झालेलं मी अजून ऐकलेलं नाही.

तेव्हा ओळखणं सोपं. ओळखल्यावर काय करायचं, ते अवघड.

समजा, असा रुपया हाताला लागला. देणाऱ्याला पत्ता नाही. आजच्या भावाने त्यातली चांदीच हजाराच्या पुढे. मी खिशातला एक रुपया आत टाकला आणि हा उचलला. पाचशे होते, पाचशेच राहिले. स्लिप जुळली, कॅश जुळली, ऑडिटरही खूश. मग चोरी झाली कुठे? आमच्या एका सहकाऱ्याचं तर ठाम मत आहे, की ज्ञानाला किंमत असते. त्याला कळलं नाही, मला कळलं. मधला फरक ही माझी फी!

बी. कॉम.ला ग्रेशॅमचा नियम पाठ केला होता : वाईट नाणं चांगल्या नाण्याला चलनातून हाकलून लावतं. आता नाण्याला काय पाय असतात? चांगलं नाणं ओळखणारी माणसं ते गुपचूप बाजूला ठेवतात, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेत १९६५ पासून अर्ध्या डॉलरमधली चांदी नव्वद टक्क्यांवरून चाळीसवर आली. तिथले शौकीन बँकेतून नाण्यांच्या गुंडाळ्या विकत आणतात आणि १९६४ पर्यंतचं नाणं मिळतं का, ते शोधत बसतात. त्यात मला गैर वाटत नाही. आत काय आहे ते देणाऱ्याला ठाऊक नाही, घेणाऱ्यालाही नाही. दोघेही सारखेच आंधळे.

काउंटरवर तसं नसतं. समोरचा माणूस पिशवी माझ्यापुढे ओततो आणि निवांत पंख्याकडे बघत उभा राहतो. त्याने नाणी मला विकलेली नाहीत, मोजायला दिली आहेत. तेवढ्यापुरते माझे डोळे त्याचे. त्या डोळ्यांना जे दिसलं, तेही त्याचंच.

पोलादपूरला एकदा डोंगरावरच्या वाडीतली एक आजी आली. तिच्या डब्यात १९१७ चा रुपया निघाला. म्हटलं, "आजी, हा चांदीचा आहे, घरी न्या. आणि चलनातनं हा केव्हाच गेलाय, बँकेला चालायचा नाही."

"म्हायती हाय मला," आजी म्हणाली, "सासूबायनी दिलेला. पर पाचशाला येक कमी पडत व्हता ना!"

ज्ञानाची फी मागणारा सहकारी घाईघाईने व्हाउचरं चाळू लागला. मी खिशातला रुपया टाकून पाचशे पुरे केले आणि पाचवे जॉर्ज आजीच्या कनवटीला परत गेले.

घरी ही हकिगत सांगितली, तेव्हा सौ.ने एवढंच विचारलं, "आणि आपला तो एक रुपया?"

प्रश्न बायकोचा असला, तरी मूलगामी होता. कारण दोन्ही प्रकारांत माझ्या खिशातून एकच रुपया जातो. दोन्हीकडे पाचशे पुरे होतात. खातेवहीला फरक कळतच नाही! हिशोब जुळला म्हणजे व्यवहार सचोटीचा झाला असं नव्हे, ही गोष्ट आम्हा बँकवाल्यांना पचायला जड जाते. फरक आहे तो इतकाच, की हा रुपया मी आजीच्या देखत, बोलून टाकला. दुसरा टाकायचा, तर तिची नजर पंख्याकडे वळायची वाट पाहावी लागली असती.

जुने सराफ रुपया घेण्याआधी दगडावर वाजवून बघत. आपला व्यवहारही तसाच वाजवून बघावा. जो चारचौघांत खणखणीत वाजवता येतो, तो खरा. जो आवाज न करता खिशात सरकवावा लागतो, तो चांदीचा असला तरी खोटाच.