साक्ष कोणी द्यायची?

धाराशिव जिल्ह्यातल्या ईट गावच्या एका खव्याच्या भट्टीवर कानावर पडलेलं बोलणं डोक्यातून जाता जात नाही. कढईखाली लाकडं धडधडत होती, दूध आटत आलं होतं, आणि भट्टीवाला हात न थांबवता सांगत होता, "त्या घरची माणसं प्रार्थनेला जायला लागली अन् त्यांचं चांगलं झालं बघा. दारू सुटली, पोरगं पुण्याला कंपनीत लागलं." दुधाची किटली घेऊन आलेला एक जण म्हणाला, "मंग येशूला सांगा की दुधाचा भाव वाढवायला." सगळे हसले. चार-पाच लिटर दूध आटवावं तेव्हा किलोभर खवा हाती येतो, म्हणजे त्याचा मुद्दा अगदीच थट्टेचा नव्हता.

मला खटकलं ते वेगळंच. कौतुक करणारा आणि टवाळी करणारा, दोघांचा हिशेब एकच होता: देव बदलून फायदा काय झाला? एकाच्या मते झाला, दुसऱ्याच्या मते व्हायचाय. धर्मांतराविषयीचे आपले सगळे वाद याच हिशेबावर चालतात. आमिषाचे आरोप, मिशनऱ्यांची रुग्णालयं आणि शाळा, त्यावरची उत्तरं-प्रत्युत्तरं वाचकांना पाठ आहेत. ती पुन्हा उगाळत नाही.

माझं भांडण आहे ते साक्षीच्या सभेतल्या प्रचारकाशी. 'साक्ष' म्हणजे विश्वासात आल्यावर आपल्या आयुष्यात काय घडलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. तिचा साचा आता ठरून गेला आहे. आधी कर्ज, आजारपण, व्यसन, मग प्रार्थना, मग नोकरी, घर, गाडी. शेवटी टाळ्या. यशस्वी जीवनाची ही गुरुकिल्ली असेल, तर तिला क्रूसावर मेलेल्या माणसाची गरज काय? व्यवसाय मार्गदर्शनाच्या शिबिरातही हेच मिळतं, आणि तिथे निदान चहा असतो.

मी स्वतः वारकरी घरातला. श्रद्धेपायी दिवाळं निघालेल्या वाण्याची गोष्ट आम्हाला नवी नाही. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली तेव्हा त्यांचं 'चांगलं झालं' असं देहूत कुणी म्हटलं नसेल. म्हणून मी पूर्वीपासून श्रद्धेचे दोन प्रकार मानत आलो: यश देणारी श्रद्धा आणि यशाचं माप बदलणारी श्रद्धा. पहिली नवसाची, दुसरी खरी, असं माझं सरळ मत.

मराठी ख्रिस्ती परंपरेत दुसरीचे दाखले शोधावे लागत नाहीत. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर मोडल्यासारखं झालं. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे संसार पुन्हा सावरला, पण पैसा त्या घरात कधी टिकलाच नाही. १९१७ मध्ये, उतारवयात, या माणसाने मिशनची बांधलेली नोकरीही सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. दोन वर्षांनी गेले. साक्षीच्या साच्यात ही गोष्ट बसवून पाहा. सगळे टप्पे उलट्या क्रमाने येतात.

प्रचारकाला मी त्याच्याच शास्त्रातून उत्तर देऊ शकतो. ईयोबाची गोष्ट त्याच्याच बायबलात आहे: निर्दोष माणसाची गुरंढोरं, लेकरं, तब्येत सगळं जातं, आणि भेटायला आलेले मित्र त्याला पटवू लागतात की तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. ईयोबाचं गेलेलं दुपटीने परत आलं, हे प्रचारक लगेच दाखवून देईल. पण ते सगळे वाद संपल्यानंतर. आणि डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की देव नीतिमान आणि अनीतिमान, दोघांवर सारखाच पाऊस पाडतो. धाराशिव जिल्ह्यात या वचनाची दुसरी बाजू जास्त पटते. इथे तो सारखाच पाडत नाही.

यशाच्या मापाचा विषय निघालाच आहे तर कुंथलगिरीकडे जरा वळतो. ईटपासून ती लांब नाही. डोंगरावर जैन मंदिरं, खाली पेढ्याची दुकानं. १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी याच डोंगरावर सल्लेखना, म्हणजे अन्न सोडून देह ठेवण्याचं व्रत, घेतली. दृष्टी अधू झाली होती, चालताना पायाखालचा जीव दिसेना, मग अहिंसेचं व्रत पाळायचं कसं? छत्तीस दिवसांनी, १८ सप्टेंबरला, देह ठेवला. बाहेरच्याला हे सगळं सोडून देणं वाटेल, श्रावकाला विचारा, तो याला विजय म्हणेल. यात्रेकरू वर त्या विजयापुढे हात जोडतात आणि उतरताना किलोभर पेढे बांधून घेतात. मला यात ढोंग दिसत नाही. माणसाला दोन्ही लागतं.

पण हे लिहिताना माझीच वर्गवारी डळमळायला लागली. तुकोबांच्या नावावर निदान दुकान होतं, सावकारी होती. टिळक ब्राह्मण, विद्वान, कवी. पंडिता रमाबाईंना तर १८७८ मध्ये, विशीतच, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटलं होतं. या सगळ्यांकडे गमवायला काहीतरी होतं, म्हणून त्यांना माप बदलता आलं. ज्याला मुळात कुणी मोजलंच नाही त्याने कुठलं माप बदलायचं?

मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. नारायण शेषाद्री १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्याबरोबर मिशनमध्ये गेला होता. त्याला कोर्टाने घरी परत पाठवलं, आणि त्याला जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी समाजाचा रोष पत्करला. नारायणराव पुढे निजामाच्या मुलखात जालन्याला गेले, महार-मांगांमध्ये काम केलं आणि जवळच 'बेथेल' नावाचं गाव वसवलं. तिथे आलेल्या माणसाला प्रार्थनेबरोबर राहायला जागा मिळत होती, गावकुसाच्या आत. ही यश देणारी श्रद्धा, म्हणून ती हलकी? हे म्हणायला मी कोण? माझ्या आजोबांचं घर गावकुसाच्या आतच होतं.

रमाबाईंकडे पुन्हा पाहिलं तेव्हा मला याची उकल झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या. स्वतः त्यांनी धर्मांतरापायी पुण्याची सहानुभूती गमावली होती, पण या मुलींना त्यांनी त्यागावर प्रवचन दिलं नाही. विणकाम शिकवलं, छापखाना घातला, खिळे जुळवायला बसवलं. स्वतःसाठी एक माप, पोरींसाठी दुसरं. मी ज्या दोन श्रद्धा वेगळ्या काढून ठेवल्या होत्या त्या केडगावात एकाच बाईच्या पदरात होत्या.

तेव्हा भट्टीवरच्या त्या घराची दारू सुटली, पोरगं कामाला लागलं, हे यश खरं आहे, आणि त्याची साक्ष कुणी दिली तर माझी हरकत उरलेली नाही. प्रचारकाशी भांडण मात्र मिटलेलं नाही. त्याची जागा बदलली. १९२१ च्या जुलैमध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम पुढे चालवणारी तीच होती. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. मधले महिने त्या मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या आपल्या मराठी बायबलच्या कामात होत्या. ही बाई त्या महिन्यांत सभेत उभी राहिली असती, तर प्रचारकाने तिला माईक दिला असता का? दिला असता, पण दुःखातून काय आशीर्वाद मिळाला ते आधी सांगायला लावलं असतं.

माझी मागणी एवढीच: ज्याची प्रार्थना फळली त्याच्याइतकाच वेळ, जिची फळली नाही तिला द्या, आणि तिच्याकडून आशीर्वाद वसूल करू नका. प्रचारक म्हणेल, असं केलं तर लोक येणार नाहीत. काही येणार नाहीत, खरं आहे. पण ज्यांचं कर्ज प्रार्थनेनंतरही फिटलेलं नाही, असे लोक आजही त्या सभेत बसलेले असतात. टाळ्या वाजवतात, आणि आपल्याच विश्वासात काही खोट असेल असं धरून घरी जातात.