शेजारच्या गावची आग

शेजारशेजारच्या दोन-तीन शहरांनी मिळून एकच अग्निशामक दल ठेवावं, असा विचार जगात कुठेही निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. आपला बंब त्यांच्याकडे गेला आणि तेवढ्यात आपल्याकडेच पेटलं तर? हा प्रश्न विचारणाऱ्याला लगेच स्वार्थी म्हणू नये, असं मला वाटतं. घरात पाळण्यातलं मूल आहे, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, अशी बाई हा प्रश्न विचारणारच. तिने नाही विचारायचा तर कुणी?

पण त्यातला ‘आपला’ हा शब्द जरा उचलून बघायला हवा. बंब आपला कशाने होतो? पैसे भरल्याने? मग ज्याने भरले नाहीत त्याचा तो नाही का?

अमेरिकेत टेनेसी राज्यात साउथ फुल्टन नावाचं छोटं शहर आहे. शहराला स्वतःचं अग्निशामक दल होतं, आसपासच्या ग्रामीण भागाला नव्हतं. तेव्हा शहराने सोय काढली की बाहेरच्या घरांनी वर्षाला ७५ डॉलर भरावेत, मग आम्ही तुमच्याकडेही येऊ. २०१० साली अशाच एका बाहेरच्या घराला आग लागली. त्या घरचे पैसे भरायचे राहिले होते. बंब आला, पण शेजारच्या जागेसाठी, कारण त्या शेजाऱ्याने पैसे भरलेले होते. घरमालक म्हणत होता, काय लागेल ते आत्ता देतो. जवान उभे राहिले आणि घर जळून गेलं. घरातली तीन कुत्री आणि एक मांजर आतच मेली. त्यांनी तर कुणाचेच पैसे बुडवले नव्हते.

शहराचं म्हणणं असं होतं की आग लागल्यावर पैसे चालतात म्हटलं, तर आधी कोण भरेल? हिशेब बरोबर आहे हो. तरी घास घशाखाली उतरत नाही. मला वाटतं, चूक त्या दिवशी झालीच नाही, ती कितीतरी आधी झाली होती. शेजाऱ्याला शेजारी न ठेवता गिऱ्हाईक केलं, त्या दिवशीच. एकदा गिऱ्हाईक म्हटलं की पावती बघणं आलं.

आपण बायका भिशी लावतो. दर महिन्याला पैसे टाकतो, कधीतरी आपली चिठ्ठी निघते आणि पैसे हातात येतात. अग्निशामक दल ही पण भिशीच, फक्त उलटी. इथे आपली चिठ्ठी कधीच निघू नये म्हणून हात जोडायचे, आणि जन्मभर पैसे टाकून एक थेंब पाणी आपल्या दारात पडलं नाही तर त्याला नशीब म्हणायचं. म्हणून वर्षअखेरीला ‘त्यांच्याकडे बंब दहा वेळा गेला, आमच्याकडे दोनदाच’ असा हिशेब कुणी मांडायला लागलं, तर त्याला विचारावं, बाबा रे, तुला आणखी आठ वेळा आग हवी होती का?

आपल्याकडे चार दानांत अभयदान सांगितलं आहे. आहार, औषध, शास्त्र ही दानं हातात देता येतात. अभय दिसत नाही. रात्री गॅस बंद केला की नाही हे दोनदा बघून बाई झोपते आणि तिसऱ्यांदा उठत नाही, त्यात कुठेतरी जागत बसलेल्या जवानाचा वाटा असतो.

याच्या उलट टोकाची गोष्ट बाल्टिमोरची. ७ फेब्रुवारी १९०४, रविवार. शहराचा व्यापारी भाग पेटला. तारा गेल्या आणि वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क इथून बंब निघाले. मदत आली, मन मोठं करून आली. पण पाहुण्यांच्या पाइपांचे जोड बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. शहराशहराचे आटे वेगळे. पाणी आहे, माणसं आहेत, आणि आग तीसेक तास चाललीये. दीड हजारांवर इमारती गेल्या. पुढच्या वर्षी देशभरासाठी एक माप ठरलं, ते सगळ्यांनी घेतलं मात्र नाही. १९९१ मध्ये ऑकलंडच्या डोंगरवस्तीत वणवा शिरून २५ माणसं मेली, तेव्हाही मदतीला आलेल्यांना तिथल्या नळांचं वेगळं माप आडवं आलंच.

आग दिसल्यावर धावायला शिकवावं लागत नाही. कठीण असतं ते कुठे काही पेटलेलं नसताना, दुपारी टेबलाशी बसून कंटाळवाण्या गोष्टी ठरवणं. फिनिक्स आणि तिच्या आसपासच्या शहरांनी १९७०च्या दशकापासून ते केलं आहे. दलं ज्या त्या शहराची, पण हाक एकाच ठिकाणी जाते आणि जो बंब सर्वांत जवळ असेल तो निघतो, त्याच्यावर नाव कोणत्या शहराचं का असेना. शिक्षण आणि कामाची पद्धतही सगळ्यांची एकच ठेवलेली.

यात लहान गावाला धाक असतो, तो खोटा नाही. एकत्र कारभार झाला की ठाणं मोठ्या शहरात जातं, हे आपण शाळा आणि दवाखान्यांच्या बाबतीत बघितलंय. म्हणून वाटा पैशांत मोजू नये, मिनिटांत मोजावा. शेवटच्या वस्तीतल्या घरापर्यंत बंब किती मिनिटांत पोचतो, आधी किती लागत होती आणि आता किती? हे लेखी मिळत नसेल, तर लहान गावाने सही करू नये.

आणि आपली सीमा? निपाणीपासून कागल विसेक किलोमीटर, बेळगाव सत्तरच्या पुढे. इकडे अग्निशामक दल राज्य सरकारचं, तिकडे नगरपालिकांचं. इकडे तंबाखूच्या वखारी, दोन्हीकडे ऊस, आणि विजेच्या तारेची ठिणगी कुठल्या राज्यात पडायचं ते बघून पडत नाही. मोठ्या आगीत पलीकडचा बंब आल्याचं आपण ऐकत आलोय, आणि ते माणसांच्या चांगुलपणावर चालतं. पाइपचा जोड बसेल, त्याला देशात एकच मानक आहे. पण पलीकडच्या जवानाने हुकूम कुणाचा ऐकायचा? तो इकडे भाजला, तर त्याच्या बायकोने कोणत्या सरकारच्या दारात उभं राहायचं?

दरवर्षी १४ एप्रिलला, १९४४च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांची आठवण म्हणून अग्निशमन सेवा दिन होतो. मग आठवडाभर शाळाशाळांतून प्रात्यक्षिकं चालतात. एखाद्या वर्षी ते कोगनोळी नाक्यावर करावं. दोन्हीकडचे बंब आणावेत, दोन्हीकडचे साहेब आणावेत, आणि आधी हेच दोन प्रश्न विचारावेत. बायकांनीच विचारावेत.