सावता महाराजांचा मळा आणि मुसफ्फाची वाळू



कार्तिक सरत आला की मुसफ्फाची हवा पालटते. शाबियातल्या आमच्या कंपाउंडच्या भिंतीलगत आठ-दहा हात लांबीचा एक वाफा आहे. त्यात या दिवसांत मेथी, मुळा, कोथिंबीर वर येतात, वांग्याला फुले लागतात. चंपाषष्ठीच्या भरताला घरची दोन वांगी मिळाली तरी पुष्कळ. गावाकडे एवढ्याशा तुकड्याला कोणी मळा म्हणणार नाही. मी म्हणतो, कारण तिथे खुरपे घेऊन बसलो की अरणचे सावता महाराज आठवतात.

अरण हे सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. महाराजांचा काळ १२५० ते १२९५. भाजीचा मळा हेच त्यांचे पंढरपूर. ते वारीला गेले नाहीत, अशी परंपरा सांगते. इतर संतांच्या पालख्या आषाढात पंढरीला जातात. सावता महाराजांच्या पुण्यतिथीला मात्र पांडुरंगाची पालखी अरणला येते. देवाने लपायला जागा मागितली तेव्हा त्यांनी खुरप्याने उदर चिरून त्याला आत घेतले, ही कथा आपण ऐकलेली आहेच. (ती इथल्या मुलांना सांगताना आधी खुरपे दाखवावे लागते!)

या चरित्राचा एक सोयीस्कर अर्थ आपल्या मंडळींत फार रूढ झाला आहे. "काम हीच पूजा, मग देवळात कशाला जायचे?" अबू धाबीत २०२४ पर्यंत देऊळ नव्हते, तेव्हा हे वाक्य निदान समाधानासाठी चालून जाई. पण वर्कशॉपमधला ओव्हरटाइम आपोआप पूजा होत नाही. महाराजांच्या हातात खुरपे होते तसे मुखात नामही होते. त्यांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले म्हणून आपल्यापर्यंत आले. नुसतेच खुरपे चालवले असते तर काशिबांनी काय लिहिले असते?

आता इथल्या मातीचे सांगतो. मुसफ्फाचा भाग मूळचा खारवट. बागेसाठी गोडी माती विकत आणावी लागते, त्यात शेणखत मिसळावे लागते. एवढ्यानेही भागत नाही. उन्हाने ओल उडून जाते, क्षार मागे राहतात आणि वर पांढरी खपली धरते. अधूनमधून भरपूर पाणी सोडून ते क्षार मुळांच्या खाली धुऊन न्यावे लागतात. मनाचेही तसेच आहे. वर्षातून एकदा गणपतीत आरती म्हटली की वर्षभराची खपली निघत नाही. नाम रोजचे हवे.

या जूनमध्ये माझी नोकरी संपते, व्हिसाही संपेल. तरी यंदा मी वाफ्याच्या टोकाला शेवगा लावला. खालच्या मजल्यावरच्या मुलाने विचारले, "काका, मेथी महिन्यात हाती येते, ती ठीक. पण शेंगा धरायच्या आत तुम्ही जाणार. मग शेवगा कशाला?" मला लगेच उत्तर सुचले नाही. गीतेतले निष्काम कर्म त्याला ऐकवणे सोपे होते, पण खरे सांगायचे तर मेथीवर माझा डोळा असतोच. मग मी त्याला फाटकाजवळचा कढीपत्ता दाखवला. आम्ही या घरात आलो त्याच्या आधीपासून तो तिथे आहे. कोणी लावला, कोणत्या गावचा होता, कंपाउंडमध्ये कोणालाच ठाऊक नाही. पाच घरांच्या फोडणीत त्याची पाने रोज पडतात. ही जमीन त्या माणसाचीही नव्हती. पांडुरंगाच्या मळ्यात आपण सगळेच राबायला आलेले. सातबारा त्याच्या नावावर.

शेवगा आता गुडघ्याएवढा झाला आहे. मुलाने पाणी घालायचे कबूल केले आहे. त्याला एवढेच बजावले, की उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी कढत येते, ते थेट मुळांना घालू नकोस. रात्रीच बादली भरून ठेव आणि पहाटे घाल.