रिकामा घुमट

अमेरिकेतील बासरीवादक पॉल हॉर्न यांनी १९६८ साली ताजमहालाच्या घुमटाखाली एकट्याने बासरी वाजविली व तिचे ध्वनिमुद्रण केले. तेथे एक सूर सोडला की तो कितीतरी वेळ घुमत राहतो. घाईने दुसरा सोडाल, तर नुसता गलका! म्हणून वाजविणाऱ्यास थांबावे लागते. जो थांबतो, त्यालाच ती पोकळी उत्तर देते.

ताजमहाल म्हणजे अखेर थडगेच. शोकाच्या घरी आम्ही कसे वागतो? परवा वडील गेलेल्या एका मुलास आम्ही भेटावयास गेलो. तो काही बोलू पाहत होता. पण आमचा उपदेश काही संपेना. शेवटी बिचारा गप्पच बसला. ते सांत्वन, की आमच्याच आवाजाची हौस? वाचकहो, पुन्हा जाऊ तेव्हा आधी त्याचे ऐकू.