निघायचं कधी?

गडचिरोलीतल्या बाळंतपणाचा विषय निघाला की तो हमखास रस्त्यावर येऊन थांबतो. पावसाळ्यात एखादं तरी छायाचित्र पेपरात येतंच: बांबूला बांधलेली खाट, खाटेच्या कावडीत चादर पांघरलेली बाई आणि गुडघाभर चिखलातून चालणारे चौघे. जुलै २०२४ मध्ये भामरागड तालुक्यात पुरानं रस्ता तुटला, तेव्हा एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून नाला पार करावा लागला. बघणारा हळहळतो आणि म्हणतो, रस्ता हवा, पूल हवा. हवाच. पण रस्ता झाल्यावरही एक प्रश्न उरतो आणि तो पोटुशी बाई आणि तिचा नवरा या दोघांना घरातच सोडवावा लागतो. निघायचं कधी?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. तो नीट कळायचा तर आधी अंतर कशानं मोजायचं ते ठरवावं लागतं.

किलोमीटरनं मोजलं तर हिशेब असा. भामरागडहून आलापल्ली साठ-पासष्ट किलोमीटर, आलापल्लीहून गडचिरोली शंभरावर. तिथेही जमलं नाही तर चंद्रपूर किंवा नागपूर. मधे पर्लकोटा नदी. तिच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड बाकी जिल्ह्यापासून तुटतं, आणि हे बहुतेक प्रत्येक पावसाळ्यात होतं. सिरोंचाकडच्या माणसाला जिल्ह्याच्या गावापेक्षा गोदावरीपलीकडचं तेलंगण जवळ पडतं. पूर्वीच्या चंद्रपूर जिल्ह्याचा हा सगळा दूरचा भाग १९८२ साली वेगळा निघाला, तो याच अंतराला कंटाळून. तरी नवा जिल्हाही उत्तर-दक्षिण इतका लांब, की कोरचीच्या माणसाला सिरोंचा परका वाटावा.

बाळंतपणातल्या संकटाला मात्र किलोमीटर कळत नाहीत, तास कळतात. अमेरिकेतल्या डेबोरा मेन यांनी १९८०च्या दशकात एक साधा अंदाज मांडला होता. कुठल्या गुंतागुंतीत, उपचार मिळाले नाहीत तर, बाईच्या हाती सरासरी किती वेळ असतो? बाळंतपणानंतर अंगावरून रक्त जायला लागलं तर दोन तास. बाळंतपणाआधीच रक्तस्राव झाला तर बारा तास. गर्भाशय फाटलं तर एक दिवस. झटके आले तर दोन दिवस. मूल अडलं तर तीन दिवस. जंतुसंसर्ग झाला तर सहा दिवस. हे सरासरीचे आकडे आहेत, एखादीच्या बाबतीत ते कमी-जास्त होतात. पण त्यांचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता हा क्रम आलापल्लीच्या रस्त्यावर ठेवून बघा. मूल अडलेल्या बाईला भामरागडहून गडचिरोलीला न्यायला पाच-सहा तास लागले तरी तिच्या तीन दिवसांतला फार थोडा भाग खर्च होतो. झटक्यांचंही तेच: वेळेत निघालं तर पोचता येतं. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं गणित मात्र कुठल्याच रस्त्यानं बसत नाही. उद्या चौपदरी डांबरी रस्ता झाला, दाराशी गाडी उभी राहिली, तरी जंगलातल्या टोल्यावरून, म्हणजे लहान वस्तीवरून, दोन तासांत रक्त चढवणाऱ्या आणि ऑपरेशन करणाऱ्या दवाखान्यात पोचणं अवघडच. म्हणजे सर्वात घातक संकटाला उत्तर देताना रस्ता तोकडा पडतो, आणि बाकीच्या संकटांत रस्त्याइतकीच निघण्याची वेळ महत्त्वाची ठरते.

मग वेळ जातो कुठे? याच मेन यांनी सेरीन थॅडियस यांच्यासोबत १९९४ साली एक निबंध लिहिला. त्यातली मांडणी आज जगभर शिकवली जाते. उशीर तीन ठिकाणी होतो. पहिला घरात: दवाखान्यात जायचं हे ठरवण्यात. दुसरा वाटेत: पोचण्यात. तिसरा दवाखान्यात: पोचल्यावर उपचार सुरू होण्यात. पेपरातलं छायाचित्र नेहमी दुसऱ्या उशिराचं असतं, कारण कॅमेऱ्याला तोच दिसतो. घरातला उशीर कुणाला दिसत नाही. तो चुलीपाशी होतो, रात्री होतो, आणि त्यात कुणी दुष्ट नसतं.

एटापल्ली किंवा धानोरा तालुक्यातलं एखादं जोडपं डोळ्यांपुढे आणा. बाई दिवसांत आहे. आशाताई येऊन गेली, नोंदणी झाली, गुलाबी-निळं कार्ड मिळालं आणि ते आधार-रेशनच्या कागदांसोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून छपराच्या बांबूला खोचून ठेवलं गेलं. कार्डावर प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहिलेली असते. ती निघते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवून. पण तो पहिला दिवस कुणाला आठवतो? बाई सांगते, पोळ्याच्या आधी, पऱ्हे रोवून झाले होते तेव्हा. त्यातून तारीख काढणं ही आशाताईची कारागिरी. ती तारीख अगदी बरोबर निघाली, तरी नेमक्या त्या दिवशी जन्मणारं बाळ विसांत जेमतेम एखादं. दोन आठवडे अलीकडे, दोन आठवडे पलीकडे, सगळं रीतसरच मानलं जातं. नऊ महिने नऊ दिवस म्हणणाऱ्या म्हातारीलाही हे सैलपण ठाऊक असतं.

या सैल तारखेभोवती दोघांचं वर्ष चालू असतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफूल वेचायचं. मे महिन्यात तेंदूपत्ता: दोघांनी मिळून पानं तोडायची, पुडे बांधायचे, फळीवर न्यायचे. वर्षातला रोख पैसा बऱ्याच घरांत तेवढाच. जुलै-ऑगस्टात रोवणा, दिवाळीच्या सुमारास धानकापणी. कापणी उरकली की कित्येक जोडपी मिरची तोडायला तेलंगणात जातात. पोटुशी बाईही जाते, कारण मजुरी जोडीनं मिळते आणि मागं एकटीनं राहून करायचं काय? तिथे शेताच्या कडेला पाल टाकून महिना-दोन महिने मुक्काम. या प्रवासात कार्ड कधी सोबत असतं, कधी छपरातच राहतं. इकडची नर्सबाई यादीत तिचं नाव शोधत राहते, आणि तिकडच्या नर्सबाईच्या यादीत ती नसतेच.

अशा घरात 'निघायचं कधी' हा प्रश्न कळा आल्यावरच विचारला जातो, त्याआधी विचारायला कुणाला फुरसत नसते. आणि कळा आल्यावर तो विचारला की उत्तराला अनेक तोंडं फुटतात. सासू म्हणते, आमी का दवाखान्यात जल्मलो होतो? गावचा पुजारी आधी देवाचं बघू म्हणतो. नवरा खिसा चाचपतो. गाडी फुकट मिळते हे त्याला ठाऊक असतं, २०११ पासून सरकारी योजनेत बाळंतिणीचं जाणं-येणं मोफत आहे. पण गाडीला फोन करायचा तर टॉवर पकडेल अशा टेकाडावर जावं लागतं, आणि दवाखान्यात आठ दिवस बायकोपाशी थांबायचं तर जेवणाखाण्याचा खर्च कुठून? घरी थोरलं पोर, बकऱ्या, कोंबड्या. गाडी नाल्याच्या अलीकडेच थांबते, तिथपर्यंत बंडी किंवा खाट. यातल्या एकेका अडचणीचं उत्तर शोधण्यात तास-दोन तास सहज जातात, आणि ते तास बाईच्या खात्यातून वजा होतात.

तेव्हा पहिली गोष्ट एवढीच की हे सगळे निर्णय कळांच्या आधी घेऊन ठेवायचे. कुठल्या दवाखान्यात, कुठल्या वाटेनं, सोबत कोण, रक्त लागलं तर द्यायला कोण, पोराला कोण सांभाळणार, फोन कोण करणार. सहा प्रश्न आणि सहा नावं. सातव्या-आठव्या महिन्यात ती ठरली तर कळांच्या रात्री ठरवायला काहीच उरत नाही, फक्त निघायचं उरतं. हे काम बाईचं एकटीचं नाही. तिच्या तब्येतीचं काय होतंय ते तिला कळतं, पण गाडी, पैसा आणि माणसं गोळा करणं हे बहुतेक घरांत नवऱ्याच्या हातात असतं. त्यानं तेंदूच्या पैशातले थोडे बाजूला ठेवले आणि मेव्हण्याला आधीच सांगून ठेवलं, तर त्यानं निम्मा रस्ता पार केला.

दुसरी गोष्ट त्याहून धीट आहे: कळांची वाटच बघायची नाही. आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात सरकारनं माहेरघरं सुरू केली, ती याच विचारातून. दूरच्या टोल्यावरच्या बाईनं तारखेच्या काही दिवस आधी तिथे येऊन राहायचं. सोबत आई किंवा सासू, हवं तर धाकटं पोरही. जेवणाची सोय, नर्सबाई हाकेच्या अंतरावर. या योजनेतलं शहाणपण पोराला आणि सोबतिणीला घेऊन येण्याच्या मुभेत आहे. जिनं कुणी ही सवलत घातली तिला ठाऊक होतं की बाईला घर अडवून धरतं. तरीही तारखेचं सैलपण इथे आडवं येतं. पाच दिवसांसाठी आलेली बाई बारा दिवस बसून राहिली, आणि बांधीत रोवणा पडून राहिला, तर ती उठून घरी जाते. नवरा न्यायला येतो आणि त्याचंही चुकत नाही. माहेरघर रिकामं दिसलं म्हणून बायका अडाणी ठरत नाहीत. त्यांच्या हिशेबात एक बाजू अशी असते जी आपल्या हिशेबात धरलेलीच नसते.

तिसरी गोष्ट उलट्या दिशेची: दोन तासांच्या संकटाचं उत्तर जिथे बाळ जन्मतं तिथेच हवं. बाळ बाहेर येताच मिनिटभरात मांडीत दिलेलं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन रक्तस्राव बऱ्याच अंशी टाळतं. ते ठेवायला गारवा लागतो आणि टोचायला शिकलेला हात. जिथे दोन्ही नाही तिथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा पर्याय आहे. आणि बाळाच्या बाबतीत हा उलटा प्रवास किती पुढे जाऊ शकतो ते गडचिरोलीनंच जगाला दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली इथे आले. त्यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं: श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, कमी वजनाच्या बाळाला ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि प्रतिजैविकाचं इंजेक्शन कसं द्यायचं. तुलनेला दुसरी ४७ गावं होती. सेवा मिळालेल्या गावांत नवजात बालमृत्यू हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास छापून आला, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई ठरलेल्या दिवशी बाळाच्या घरी जाऊ लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडेही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. महिन्याच्या आतल्या बाळाला घेऊन बाईनं प्रवास करायचा नाही, सेवेनं करायचा, एवढा हा सोपा न्याय.

इथपर्यंत तिन्ही गोष्टी नीट लागल्यासारख्या वाटतात. काही निर्णय आधी घ्या, जमलं तर आधीच जाऊन राहा, आणि जे वाटेत निभावणार नाही ते जागेवर द्या. पण एक गाठ उरते. इतकं सगळं समजावूनही एखादं जोडपं उशिराच का निघतं?

कारण तिन्ही उशीर ओळीनं एकापाठोपाठ येतात हा कागदावरचा समज आहे. गावात ते गोल फिरतात. मागच्या पावसाळ्यात गावातली एक बाई बाळंतपणाला गेली होती. दवाखान्यात डॉक्टर नव्हता, 'रेफर' असा शिक्का घेऊन पुढे, पुढून आणखी पुढे. एका ठिकाणी कुणीतरी खेकसलं, इतक्या उशिरा कशाला आणलं? तिची भाषा माडिया, विचारणाऱ्याची मराठी, मधे कुणी नाही. तीन दिवसांनी ती परतली आणि हे सगळं तिनं बायकांना सांगितलं. आता यंदाच्या जोडप्याच्या घरात जो वेळ जातोय तो त्या सांगण्यामुळे जातोय. बाहेरून दिसताना तो पहिला उशीर दिसतो, मुळात तो मागच्या वर्षीचा तिसरा उशीर असतो. म्हणून अमुक बाई वेळेवर का आली नाही याची चौकशी तिच्या घरापासून सुरू करणं हे अर्धवट काम आहे. ती तिच्या आधी येऊन गेलेल्या बाईपासून सुरू करायला हवी.

याच चक्राची दुसरीही बाजू आहे, आणि ती आशेची आहे. जिला वेळेवर इंजेक्शन मिळालं, जिच्याशी कुणी तिच्या भाषेत चार शब्द बोललं, जिच्या नवऱ्याला व्हरांड्यात निजायला चटई आणि एक वेळचं जेवण मिळालं, तीही गावात परतते आणि बोलते. तिच्या बोलण्यानं पुढचं जोडपं दोन तास आधी निघतं. ते दोन तास पुलानं वाचवलेल्या दोन तासांइतकेच खरे असतात. पुलाला निधी लागतो, मंजुरी लागते, पावसाळ्याआधी पूर्ण होण्याचं भाग्य लागतं. हे दुसरे दोन तास आजच्या पाळीला असलेली नर्सबाई, जी बाई दारात उभी आहे तिला आत बोलावून, आजच वाचवू शकते.