उजेड इकडे, राख तिकडे

चंद्रपूरहून निघालेली एक उच्चदाब वीजवाहिनी सुमारे साडेसातशे किलोमीटरचे अंतर कापून भिवंडीजवळच्या पडघ्याला पोहोचते. पंचवीसेक वर्षे ती विदर्भातली वीज मुंबईच्या दिशेने वाहून आणते आहे. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र महानिर्मितीचे सर्वांत मोठे; क्षमता २,९२० मेगावॉट. वीज तारेवरून निघून जाते, राख मात्र जागेवरच राहते. आपल्याकडच्या कोळशात साधारण ३० ते ४० टक्के राखच असते. म्हणजे दहा टन कोळसा जाळला, की तीन-चार टन राख मागे उरते. तिची विल्हेवाट लावायची कुठे, हा प्रश्न ज्यांच्या दारात उभा राहतो, ते आणि त्या विजेवर लिफ्ट आणि एसी चालवणारे, हे लोक एकमेकांना कधी भेटत नाहीत.

चंद्रपूरच्या वाट्याला एकटे वीज केंद्र आलेले नाही. आजूबाजूला वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) कोळशाच्या खुल्या खाणी आहेत, घुग्घुस आणि गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने आहेत आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर कोळशाचे ट्रक आहेत. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची पाहणी केली आणि ४३ ठिकाणे ‘अतिप्रदूषित’ ठरवली. त्या यादीत चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होते. पुढच्याच वर्षी या ठिकाणी नव्या प्रकल्पांवर काही काळ बंदी आली. बंदी उठली, खाणी, कारखाने आणि ट्रक तिथेच आहेत.

या भागात उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळत घालायचे, तर वर जुने पातळ झाकावे लागते. संध्याकाळी ते पातळ उचलून झटकले, की काळपट भुकटी उडते. दोरीवरचे पांढरे कपडे वाळताक्षणी आत घ्यायचे, पिण्याच्या पाण्यावर झाकण ठेवायचे, अंगणातल्या तुळशीची पाने अधूनमधून पुसायची, हे तिथल्या घराघरांतल्या बायकांच्या हाताला सवयीचे झालेले आहे.

डोळ्यांना दिसणारी धूळ निदान झटकता तरी येते. घात करतो तो न दिसणारा कण. अडीच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही लहान असलेले हे कण नाकातल्या केसांना जुमानत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथून काही थेट रक्तात उतरतात. म्हणून त्यांचा त्रास खोकला-दम्यापुरता थांबत नाही. हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, कमी वजनाची बाळे इथपर्यंत तो पोहोचतो. मुलांना तो जास्त भोगावा लागतो, कारण वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात आणि त्यांची फुप्फुसे अजून वाढीला लागलेली असतात. घरातला धूर आणि बाहेरचे प्रदूषण दोन्ही धरून २०१९ मध्ये भारतात सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू हवेमुळे झाले, असा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा सहभाग असलेल्या अभ्यासाने मांडला आहे. पण मृत्यूच्या दाखल्यावर ‘हवा’ असे कारण कोणी लिहीत नाही. तिथे हार्ट अटॅक असतो, न्यूमोनिया असतो. मारणारा कागदावर येतच नाही.

उलट लाज वाटते ती आजारी माणसाला. मुलीला दम्याचा पंप लागतो हे कळले तर लग्न जुळायचे नाही, म्हणून तो पर्समध्ये तळाशी लपवणारे आईबाप आपल्याकडे आजही आहेत. ‘पंपाची सवय लागते’ या गैरसमजापायी औषध अर्ध्यावर सोडणारेही आहेत. ज्याचा श्वास कोंडला, त्यानेच तोंड लपवायचे आणि ज्याच्या चिमणीतून धूर निघाला, त्याला कोणी नाव विचारायचे नाही. आपल्या नीतिविचारातली ही फार मोठी उलथापालथ आहे. ‘करावे तसे भरावे’ हे आपण मुलांना शिकवतो. हवेच्या बाबतीत करतो एक आणि भरतो दुसराच.

२०१५ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी नवे नियम केले. कोळशातल्या गंधकाचा धूर चुनखडीच्या साहाय्याने धुऊन काढणारी यंत्रणा, ज्याला एफजीडी म्हणतात, दोन वर्षांत बसवायची होती. मुदत वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. शेवटी जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना त्या अटीतून सूटच देण्यात आली. प्रदूषित शहरांजवळच्या केंद्रांबाबत काय ते तज्ज्ञ समितीने एकेक प्रकरण तपासून ठरवायचे आहे.

सूट देणाऱ्यांची बाजू दुर्लक्षण्यासारखी नाही. भारतीय कोळशात गंधक कमी असते, बहुतेक ठिकाणी हवेतले सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आहे आणि यंत्रणेचा खर्च अखेर ग्राहकाच्या बिलात येतो, असे ते म्हणतात. यातले पहिले दोन मुद्दे खरे असूनही अपुरे आहेत. सल्फर डायऑक्साइड हवेत वायुरूपानेच राहत नाही. त्याचे सल्फेटचे बारीक कण बनतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. चिमणीशेजारी वायू मोजून समाधान मानले, तर हे कण हिशेबात येतच नाहीत. चंद्रपूरचा धूर चंद्रपूरच्या हद्दीत थांबत नाही.

तिसरा मुद्दा खर्चाचा, आणि खरी नैतिक गाठ तिथेच आहे. यंत्रणा बसवली नाही म्हणून खर्च वाचला का? वाचला नाही, फक्त जागा बदलली. जो पैसा मुंबई-पुण्याच्या बिलात थोडाथोडा वाटला गेला असता, तो आता दवाखान्याच्या कागदांवर, बुडालेल्या मजुरीत आणि नेब्युलायझरच्या भाड्यात, न विचारता, थोड्याच माणसांकडून वसूल होतो. स्वस्त वीज म्हणतो ती अशी स्वस्त झालेली असते.

‘प्रदूषणाला आपण सगळेच जबाबदार आहोत’ हे वाक्य ऐकायला नम्र वाटते, पण ते सावधपणे वापरायला हवे. सगळ्यांवर सारखी टाकलेली जबाबदारी कोणाच्याच खांद्यावर पडत नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला, महाराष्ट्रातली चंद्रपूरसह १९ शहरे त्यात आली. पण देशभरात त्यातला बराचसा पैसा रस्त्यांवरची धूळ हटवण्यावर गेला. रस्ता झाडणे चांगलेच. तरी झाडूवाल्याला पुढे करून चिमणीकडे पाठ फिरवता येणार नाही. वर्षभराच्या सरासरीत बारीक कण घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावेत, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. मर्यादेच्या आत असणे आणि निर्धोक असणे यांत इतके अंतर आहे.

प्रदूषणमुक्त हवा हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले. हा अधिकार चंद्रपूरच्या माणसाने एकट्याने भांडून मिळवायचा, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. त्याच्या बाजूने बोलण्याची संधी आपल्याला घरबसल्या मिळते. वीजदर ठरवताना महाराष्ट्र वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो आणि सामान्य ग्राहकांकडून सूचना-हरकती मागवतो. तिथे आपण एरवी फक्त दर कमी करा म्हणून जातो. पुढच्या वेळी मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकच्या ग्राहकांनी एवढे लिहून द्यावे: धूर धुण्याचा खर्च आमच्या बिलात लावा, आम्ही तो भरू, मात्र त्यातला रुपयान् रुपया चिमणीवर खर्च झाल्याचा हिशेब आम्हाला द्या.